टाकणखार: कुंकवात चालतो, भाकरीत नाही

मी हिवरे बाजारहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. मागच्या भागात आपण पापडाच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून एकच प्रश्न आला: पापडखार मिळाला नाही तर टाकणखार चालेल का? आणि एका मावशींनी विचारलं, यंदाच्या ज्वारीला बोरिक पावडर लावायची आहे, पायलीला किती घ्यायची? दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच.

उत्तर आधी सांगून टाकते. रेडिओ आहे, मधेच लाईट जाते, कुणाची धारेची वेळ होते. तर पापडात टाकणखार घालायचा नाही. दळायच्या धान्याला बोरिक पावडर लावायची नाही. आणि बाळाला टाकणखाराची लाही चाटवायची नाही. आता का नाही, ते ऐका.

टाकणखार आपल्याला नवा नाही. संस्कृतात टंकण, हिंदीत सुहागा, आपल्याकडे जुन्या बायका सवागीही म्हणतात. पूर्वी हा तिबेट-लडाखकडच्या खाऱ्या तळ्यांच्या काठावरून, हिमालयाच्या घाटांतून खाली यायचा. लडाखात पुगा नावाचं खोरं आहे, तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ अजूनही तो जमिनीवर सापडतो. आता जगातला सगळ्यात मोठा साठा तुर्कस्तानात आहे, आणि आपल्या देशाला लागणारा बहुतेक माल बाहेरूनच येतो. सोनाराकडे डाग द्यायला मंगळसूत्र नेलंत तर तो जोडाच्या जागी पांढरं काहीतरी लावतो आणि मग फुंकणीने जाळ देतो. तो हाच. तापला की टाकणखार वितळून काचेसारखा होतो, धातूवर धरलेली काजळी-गंज आपल्यात ओढून घेतो, आणि स्वच्छ झालेल्या जागेवर डाग पसरतो.

आता रसायन. घाबरू नका, मीही बी.ए.च आहे. आपलं मीठ जसं सोडियम आणि क्लोरीनचं बनलेलं असतं, तसा टाकणखार सोडियम, बोरॉन, ऑक्सिजन आणि पाण्याचा. पाणी म्हणजे ओलं पाणी नव्हे. खडा हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या घडणीतच पाणी बसवलेलं आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही. १०० ग्रॅम टाकणखारात ४७ ग्रॅम पाणीच असतं. म्हणून तव्यावर टाकला की आधी पातळ होतो, मग तडतडून फुगतो आणि पांढरीशुभ्र लाही होते. ते आतलं पाणी वाफ होऊन निघालेलं असतं.

या खारात आम्ल घातलं की त्यातून बोरिक ॲसिड सुटतं. १७०२ साली होम्बर्ग नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते पहिल्यांदा असं वेगळं काढलं. आपण दुकानातून डबीत आणतो ती बोरिक पावडर म्हणजे तेच. पांढरी, मऊ, बोटांना घसरणारी. कॅरमवर टाकतात ती. नाव ॲसिड असलं तरी अगदी मवाळ आहे, हात भाजत नाही, वास नाही, चव जवळजवळ नाही. आणि नेमका हाच घोटाळा आहे. फिनेल कुणी चुकून पीत नाही, वासानेच माणूस मागे सरतो. बोरिकचं तसं नाही. जे झोंबत नाही ते निरुपद्रवी असेल, असं आपण धरून चालतो.

टाकणखार पोटात गेला तर काय होतं? पोटात आम्ल असतंच. म्हणजे टाकणखार खाल्ला काय आणि बोरिक पावडर खाल्ली काय, पोटात शेवटी बोरिक ॲसिडच. ते आतड्यातून जवळजवळ सगळं रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे हळूहळू बाहेर काढतात. अर्धं बाहेर पडायलाच जवळपास एक दिवस लागू शकतो. आज थोडं, उद्या थोडं असं चालू राहिलं, तर आधीचं संपायच्या आत पुढचं येऊन बसतं.

इथे मी लाहीवर थांबणार आहे, कारण आपल्याकडे घराघरांत ही गोष्ट आहे. बाळाच्या तोंडात चट्टे आले, दात येताना चिडचिड झाली, पोट गच्च झालं, की आजी टाकणखाराची लाही करून मधात चाटवते. आजीचा हेतू बाळ बरं व्हावं एवढाच असतो. तिचं म्हणणं, लाही केली की खार शुद्ध होतो. पण मघाशी बघितलं तसं तव्यावर उडतं ते फक्त पाणी. बोरॉन काही उडून जात नाही. उलट, पाणी गेल्यामुळे तेवढ्याच वजनात तो जवळजवळ दुप्पट होतो. एक ग्रॅम कच्च्या खारापेक्षा एक ग्रॅम लाही जास्त जड पडते.

१९८३ साली विलायतेतल्या बालरोगाच्या एका नियतकालिकात ७ बाळांची हकिकत छापून आली. त्या बाळांच्या चोखणीला रोज टाकणखार आणि मध लावला जायचा. सातही बाळांना झटके येत होते. ते मिश्रण बंद केलं आणि झटके थांबले. आपल्याकडे चोखणी नसेल, बोट असतं, एवढाच फरक. मधाचंही सांगून ठेवते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात, कारण मधात कधीकधी असे जंतू असतात जे मोठ्यांना काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. म्हणजे त्या चाटणातल्या दोन्ही वस्तू बाळासाठी धोक्याच्या.

आता कुणी म्हणेल, आयुर्वेदात टंकण आहे. आहे. पण वैद्याने वय, वजन, आजार बघून, मात्रा ठरवून, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं औषध वेगळं आणि आपण चिमटीने दिलेलं वेगळं. आजीची चिमूट आणि सुनेची चिमूट सारखी नसते. तोंड आलेल्या बाळाला आशाताईला दाखवा, उपकेंद्रात न्या. आणि घरात कुणी बोरिक पावडर किंवा टाकणखार खाल्ल्याचं कळलं, तर घरी उलटी काढायच्या मागे लागू नका. डबी हातात घ्या आणि सरळ दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन. लहान बाळाला चहाच्या एका चमच्याएवढी पावडरसुद्धा जीवघेणी ठरू शकते. उलट्या, जुलाब, अंग लालबुंद होऊन कातडी सोलवटणं, झटके, लघवी कमी होणं, अशी लक्षणं दिसतात. यावर खास उतारा नाही, म्हणून वेळ घालवायचा नाही.

बरं, आता ज्वारी. मावशींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाळाला लाही देणारी घरं कमी होत चालली आहेत, पण बोरिक लावणारी घरं वाढत आहेत. एरंडेल तेल आणि बोरिक पावडर डाळीला, तांदळाला चोळून ठेवायची पद्धत शहरातून आली आणि आता आपल्याकडे ज्वारी-बाजरी-गव्हालाही पोचली. किडा लागत नाही हे खरं. पावडर किड्याच्या अंगाला, पायांना चिकटते, तो अंग साफ करताना ती गिळतो आणि मरतो.

पण तांदूळ आणि ज्वारी यांत एक मोठा फरक आहे, तो नीट ऐका. बोरिक ॲसिड पाण्यात विरघळतं. तांदूळ आणि डाळ आपण तीन-चार पाण्यांनी धुतो, तेव्हा बरीचशी पावडर पाण्यावाटे निघून जाते. ज्वारी आणि बाजरी आपण धुतो का? पाखडतो, चाळतो आणि डबा गिरणीवर पाठवतो. म्हणजे चाळणीत झडेल तेवढी झडली, बाकीची पिठात. पिठातून भाकरीत. तव्याच्या आचेने ती जळत नाही.

जरा हिशेब करू. आमच्या गावाला मोजायची सवय आहे. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती मुरलं, त्याचा दरवर्षी ताळेबंद मांडूनच कुठलं पीक घ्यायचं हे हिवरे बाजारात ठरतं. तसाच हा ताळेबंद मांडा. समजा १० किलो ज्वारीला एकच चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पावडर लावली. किलोला अर्धा ग्रॅम आला. दिवसाला तीन भाकरी, म्हणजे ३०० ग्रॅम पीठ धरा. त्यात १५० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड. त्यातला बोरॉन साधारण २६ मिलिग्रॅम. आता मर्यादा बघा. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या समितीने मोठ्या माणसासाठी दिवसाला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम बोरॉन सांगितला आहे, युरोपवाल्यांनी १०च. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दोघांनीही ३ मिलिग्रॅम सांगितला आहे. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या पोराच्या पोटात आपल्या हिशेबाने ४ मिलिग्रॅमच्या वर जातो. आणि हा हिशेब एका चमच्याचा आहे. मी तर मूठभर टाकणारी घरं बघितली आहेत, कारण पावडर स्वस्त आहे आणि किड्याचा राग फार.

फळं, शेंगदाणे, कडधान्यं यांतून थोडा बोरॉन आपल्या पोटात रोज जातोच, एक-दोन मिलिग्रॅम. त्याने काही होत नाही, ते निसर्गाचं माप आहे. भीती बोरॉनची नाही, मापाची आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने नरांच्या प्रजननशक्तीवर आणि पोटातल्या पिल्लांच्या वाढीवर वाईट परिणाम दिसले आहेत, म्हणून युरोपात बोरिक ॲसिडवर तसा धोक्याचा शिक्का आहे. घरात गरोदर सून असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा.

मग धान्य टिकवायचं कसं? आपल्या आया-सासवांनी कोठीत आणि कणगीत टिकवलं ते उन्हाच्या जोरावर. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, इतका वाळला पाहिजे. ओल कमी असलेल्या दाण्यात किड्याची वाढ होत नाही. वाळलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावर भरायचं, गरम भरलं की कोठीत घाम धरतो. कोठी आधी रिकामी करून, फटी झाडून, उन्हात तापवून घ्यायची, कारण मागच्या वर्षीचे किडे फटींतच बसलेले असतात. नव्या धान्यावर जुनं ओतायचं नाही. वाळलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घाला. पाला ओला नको, नाहीतर ओल आपणच आत नेऊ. डाळींना नुसतं तेल चोळलं तरी भुंग्याची अंडी चिकटायला आणि फुटायला अडचण होते, त्यात पावडर घालायची गरज नाही. आणि आता हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांचं तोंड नीट बांधलं की आतली हवा किडेच वापरून संपवतात आणि मरतात. मला विचाराल तर गटाने मिळून त्या घ्याव्यात. एक इशारा मात्र देते: बोरिक सोडलं म्हणून कुणी धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत आणू नका. त्यांतून निघणारा वायू माणसं मारतो.

आणि ज्यांनी यंदाची ज्वारी आधीच बोरिक लावून भरली आहे, त्यांनी फेकू नका. दळणापुरती काढा, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, कडक उन्हात वाळवा आणि मग दळा. गव्हाचं आपण असं करतोच की.

आता पापड. पापडखार म्हणजे सोड्याच्या घराण्यातला खार. टाकणखार दुसऱ्याच घराण्यातला. दोघांच्या नावात खार, दोघे पांढरे, दोघे त्याच काष्टौषधीच्या दुकानात शेजारशेजारच्या बरण्यांत. ओळखायची सोपी खूण सांगते. चिमूटभर वाटीत घ्या आणि वर लिंबू पिळा. पापडखार लगेच फसफसतो, कारण त्यातून वायू सुटतो. टाकणखार शांत बसतो. चाखून बघू नका, फसफस बघा.

टाकणखाराने पापड कुरकुरीत होतो का? खरं सांगायचं तर होतो, आणि म्हणूनच मोह होतो. पिठातल्या स्टार्चच्या लांबलांब साखळ्या असतात. बोरॉन त्या साखळ्यांना एकमेकींशी टाके घालतो, म्हणून पीठ ताठ होतं. पोरं मोबाईलवर बघून गोंद आणि टाकणखाराचा लिबलिबीत स्लाइम करतात ना, तिथे तेच टाके. इंडोनेशियात आपल्या पापडासारखे भाताचे तळायचे पदार्थ करतात, त्यांत ‘ब्लेंग’ नावाने हाच खार पिढ्यान्‌पिढ्या घातला जायचा. तिथल्या सरकारने अन्नात त्याला बंदी केली, तरी सवय सुटता सुटत नाही, नमुन्यांत अजून सापडतो. आपल्याकडेही अन्नात घालायला परवानगी असलेल्या पदार्थांत टाकणखार आणि बोरिक ॲसिड नाहीत. गटाच्या पाकिटावर गटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. नमुना तपासणीला गेला आणि त्यात बोरॉन निघाला, तर एका बाईची चूक म्हणून कुणी सोडणार नाही, सगळ्या जणींचं नाव जाईल. खार एकीनेच आणायचा, एकाच दुकानातून, लेबल असलेल्या पाकिटात, आणि पावती गटाच्या फायलीत. सुटा खार नकोच.

मग टाकणखार घरात आलाच नाही पाहिजे का? तसं मी म्हणत नाही. आपल्या कपाळावरचं कुंकू आठवा. करमाळा तालुक्यातलं केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीने कुंकू करताना हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून मुरवतात, वाळवतात आणि दळतात. पिवळी हळद लाल होते. ही लाली कशाची? हळदीचा पिवळा रंग आणि बोरॉन यांची आंबट रसात गाठ पडली की लाल रंगाचा नवाच पदार्थ तयार होतो.

हळद चुन्यानेही लाल होते, हे तुम्हाला माहीत आहे. साबणाने साडीवरचा हळदीचा डाग लाल होतो, तेही तसंच. पण ती लाली कच्ची. वर लिंबू पिळा, परत पिवळी. बोरॉनची लाली लिंबाने जात नाही, उलट वाळताना चढते. आणि त्या वाळलेल्या लाल डागावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला, तर तो काळपट हिरवा होतो. प्रयोगशाळेतली अन्नातलं बोरिक ओळखायची साधी चाचणी याच हळदीच्या कागदावर चालते. तिथे फक्त लिंबाऐवजी तीव्र आम्ल असतं, आणि ते आपल्या हातात घ्यायचं काम नाही.

शेतीचं थोडक्यात. पिकाला बोरॉन लागतो, फुलं धरायला, परागकण रुजायला. कमी पडला तर फ्लॉवरचा गड्डा तपकिरी पडतो, देठ पोकळ होतो, भुईमुगाचा दाणा आत पोकळ राहतो. पण पिकाचंही आपल्यासारखंच, कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं, जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. म्हणून शेजाऱ्याने फवारलं म्हणून आपण फवारायचं नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत जे १२ आकडे असतात त्यांत बोरॉनचा एक असतो. कारभारी पत्रिका पेटीत ठेवून देतात, ती बाहेर काढा आणि कृषी सहायकाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांना दाखवून प्रमाण विचारा. फवारणीचं बोरॉन स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

झुरळांसाठी कणीक, साखर आणि बोरिकच्या गोळ्या करता, त्या करा. तिथे ते योग्य आहे. पण गोळ्या कपाटामागे, सांदीत, जिथे रांगणारं पोर आणि अंगणातली कोंबडी पोचणार नाही तिथे. मळायची परात वेगळी, आणि डबीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून ठेवा. डोळे धुवायला बोरिकचं पाणी घरी करू नका. डोळ्यांच्या काही औषधांत ते असतं, पण तिथे माप कारखान्यात ठरलेलं असतं. बाळाच्या लाल झालेल्या, सोललेल्या जांघेला बोरिक पावडर लावायची नाही. धड कातडीतून ती फारशी आत जात नाही, पण सोललेल्या कातडीतून जाते.

पुढच्या मासिक बैठकीला आपापल्या घरातली खाराची पुडी घेऊन या, नाव लिहिलेलं नसेल तरी चालेल. हळद, लिंबू, चुना आणि पांढरा कागद मी आणते. कुणाची फसफसते आणि कुणाची लाल होते ते तिथेच बघू, आणि पापडाची ऑर्डर त्यानंतर घेऊ.